वर-खाली नसलेल्या बोगद्यांत

‘ओव्हरलोड’ हा बोगद्यांतून यान उडवत लढायचा व्हिडिओ गेम. तो पहिल्यांदा खेळणाऱ्याची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: आलो कुठून तेच कळत नाही. खोलीत शिरताना दार समोर होतं. दोन रोबोंशी झटापट झाली आणि आता तेच दार छताला लागलंय. छत तरी कसलं, मघाशी ती भिंत होती. यान मध्येच कधीतरी कुशीवर वळलं आणि ते ध्यानातही आलं नाही. यात खेळणाऱ्याचा काही दोष नाही. आपला तोल कानाच्या आतल्या भागावर चालतो आणि त्याला गुरुत्वाकर्षणाचा आधार लागतो. इथे खुर्चीत बसलेलं शरीर एक सांगतं आणि डोळे दुसरंच. हा गोंधळ काढून टाकला तर या गेममध्ये फारसं काही उरणार नाही. खेळायला शिकणं म्हणजे या गोंधळात हात सरावणं. २०१८ चा हा गेम १९९५ च्या ‘डिसेंट’चा खरा वारस ठरतो तो याच कारणाने. दिसण्यातलं साम्य त्यामानाने किरकोळ आहे.

‘डिसेंट’ बनवला पॅरॅलॅक्स सॉफ्टवेअरने. माइक कुलास आणि मॅट टॉशलॉग या दोघांनी ही कंपनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, शॅम्पेन गावी काढली होती. गेम बाजारात आणला इंटरप्लेने. अंतराळातली नेमबाजी म्हटलं की काळं आकाश आणि दुरून मोठे होत येणारे ठिपके, हा तोवरचा रिवाज. या दोघांनी यान आकाशातून काढलं आणि खाणीत घातलं. आपल्या चंद्रापासून सुरुवात करून प्लूटोच्या शॅरन या चंद्रापर्यंत २७ खाणी, शिवाय ३ गुप्त. खाणकाम करणारे रोबो बिघडलेत, माणसं आत अडकलीत. आत शिरा, माणसांना उचला, रिअॅक्टर फोडा आणि खाण उडायच्या आत बाहेर पडा. कथा एवढीच.

खाण निवडण्यातली हुशारी खेळताना कळते. मोकळ्या आकाशात यान दाही दिशांना फिरू शकत असलं तरी तशी गरज क्वचितच पडते. शत्रूकडे नाक वळवायचं आणि गोळ्या झाडायच्या, बस. भिंती आल्या की चित्र पालटतं. कोपऱ्याआडून अर्धंच डोकावायचं तर बाजूला सरकावं लागतं. उभ्या विहिरीतून खाली जाताना वरच्या कोनाड्यात कोणी बसलंय का ते बघायला नाक वर करून पाठीमागे जावं लागतं. अरुंद आडव्या फटीतून बाहेर गोळी मारायची तर कुशीवर व्हावं लागतं. प्रत्येक हालचालीला काम मिळतं ते भिंतींमुळे.

ही खाण त्या काळच्या ‘४८६’ जातीच्या संगणकावर कशी उभी राहिली, ते जवळून पाहण्यासारखं आहे. ‘डिसेंट’ची अख्खी लेव्हल घनांची बनलेली असते. प्रत्येक घनाला आठ कोपरे आणि सहा बाजू. कोपरे हवे तसे ओढून घन वाकडातिकडा करता येतो. बाजू एक तर भिंत असते, नाहीतर शेजारच्या घनात उघडते. चित्र काढायला सुरुवात होते ती यान ज्या घनात आहे तिथून. त्याच्या उघड्या बाजूंतून पुढचे घन, त्यांच्या उघड्या बाजूंतून त्यापुढचे. जे कुठल्याच उघड्या बाजूतून दिसत नाही त्यावर संगणक वेळ घालवत नाही. दार बंद असलं की पलीकडची सगळी खाण हिशेबातून बाद. त्याच काळातल्या ‘डूम’ या नेमबाजीच्या गेममध्ये एका खोलीवर दुसरी खोली रचता येत नव्हती, कारण त्याचा नकाशा मुळात सपाट होता आणि त्याला फक्त उंची दिली होती. घनांच्या रचनेला मात्र वर-खाली असं काही नसतंच. कोण कोणाला जोडलेलं आहे, एवढंच तिला ठाऊक असतं. एका लेव्हलला जास्तीत जास्त ९०० घन, ही मूळ गेमची मर्यादा. त्यामुळे लेव्हल रचणाऱ्याला जागा जपून वापरावी लागे. जुन्या खाणी फिरून-फिरून स्वतःलाच येऊन मिळतात, त्यामागे ही काटकसरही आहे असं मला वाटतं.

पुढे १९९६ मध्ये ‘डिसेंट २’ आला आणि मग पॅरॅलॅक्सच्या दोन कंपन्या झाल्या. आउटरेजने १९९९ मध्ये ‘डिसेंट ३’ काढला. व्होलिशन ‘फ्रीस्पेस’कडे वळली, म्हणजे परत मोकळ्या आकाशात. जवळजवळ वीस वर्षांनी कुलास आणि टॉशलॉग पुन्हा एकत्र आले. त्यांनी रिव्हायवल प्रॉडक्शन्स नावाने २०१६ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर लोकांकडे ३ लाख डॉलर मागितले, ते मिळाले, आणि ३१ मे २०१८ रोजी ‘ओव्हरलोड’ विंडोज, मॅक आणि लिनक्सवर आला. प्लेस्टेशन ४ वर त्याच वर्षी थोडा उशिराने. ‘डिसेंट’ हे नाव त्यांना वापरता येत नव्हतं. म्हणून नाव नवं, यान नवं (कोडाची), आणि खाणी शनीच्या चंद्रांवर. गेम युनिटी इंजिनावर बांधलेला आहे, प्रकाश-सावल्या आजच्या आहेत. पण त्यांनी लोकांना दिलेला लेव्हल एडिटर उघडून बघा: आत तेच घन. घन जोडून बोगदा करायचा, कोपरे ओढून त्याला आकार द्यायचा आणि मग बाजूंवर पाइप, तुळया, जाळ्या असली सजावट चिकटवायची. वरचा गिलावा नवा, विटा जुन्याच.

आता हातांकडे येऊ, कारण नवखा माणूस इथेच गेम सोडून देतो. हालचाली सहा. पुढे-मागे जाणं, डावी-उजवीकडे सरकणं, वर-खाली सरकणं. हे तीन प्रकार यानाची जागा बदलतात. नाक वर-खाली करणं, नाक डावी-उजवीकडे वळवणं, कुशीवर लोळणं. हे तीन यानाचं तोंड फिरवतात. कंट्रोलरच्या दोन स्टिकवर चार मावतात आणि उरलेल्या दोन कुठे ठेवायच्या हा खरा प्रश्न. वर-खाली सरकणं उजव्या अंगठ्याखालच्या बटणांवर ठेवलं तर ते वापरताना अंगठा स्टिकवरून उचलावा लागतो, म्हणजे सरकताना नेम धरता येत नाही. नेमकं तेव्हाच मरण येतं. म्हणून वर-खाली सरकणं वरच्या कडेच्या दोन बटणांवर (बंपरवर) घ्यावं आणि लोळणं बटणांवर टाकावं. लढाईत लोळण्यावाचून काही काळ निभतं, सरकण्यावाचून नाही. कंट्रोलरच्या पाठीमागे जादा पॅडल असतील तर लोळणं तिथे द्यावं, मग काहीच सोडावं लागत नाही.

की-बोर्ड आणि माऊस वापरणाऱ्यांनी डब्ल्यू-एस-ए-डी नेहमीसारखं ठेवावं, लोळायला क्यू आणि ई, वर सरकायला स्पेस. खाली सरकायला डावं कंट्रोल बटण दिलं की करंगळी अवघडते आणि त्याच हाताची बाकीची बोटं मंदावतात. माऊसला बाजूची बटणं असतील तर खाली सरकणं तिकडे नेलेलं बरं. माऊसचा वेग वाढवून यान गरकन वळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. यानाच्या वळण्याला कमाल वेग आहे, हात त्याहून जोरात फिरला तरी यान आपल्याच गतीने वळतं. जमिनीवरचे नेमबाजीचे गेम खेळून आलेल्यांना हे जड वाटतं. पण ही मर्यादा नसती तर मागून येणाऱ्या रोबोचा धाकच राहिला नसता. वेग असा लावावा की हाताची एक साधी फेर यानाला कमाल गतीने वळवेल आणि त्याच्या आतल्या बारीक हालचाली नेमासाठी मोकळ्या राहतील. ज्यांच्याकडे मूठ पिळता येणारी जॉयस्टिक आहे त्यांनी पिळण्यावर लोळणं द्यावं आणि माथ्यावरच्या छोट्या टोपीवर सरकणं. ही जुनी मांडणी आहे आणि अजूनही उत्तम चालते.

यान आपोआप सरळ होण्याची सोय सेटिंगमध्ये असते. पहिल्या दोन-तीन खाणींत ती चालू ठेवावी. डोकं कमी गरगरतं. नंतर बंद करावी. चालू असताना यान सतत जवळच्या फरशीशी जुळवून घेऊ पाहतं, तिरप्या बोगद्यात त्यामुळे नेम हळूहळू वाहवत जातो आणि आपल्याला वाटतं हात कापतोय. मळमळ होणाऱ्यांनी खोलीत दिवा लावून, स्क्रीनपासून जरा लांब बसून खेळावं आणि पहिली चाहूल लागताच उठावं. रेटून खेळल्याने सवय होत नाही, उलट पुढच्या वेळी मळमळ लवकर सुरू होते. ‘ओव्हरलोड’ व्हीआर चष्म्यावरही चालतो, पण साध्या स्क्रीनवर पोट स्थिर झाल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

दिशा सापडत नाही त्यावर नकाशा हा अर्धाच उपाय आहे. जुन्या ‘डिसेंट’पासून नकाशा त्रिमितीत, तारांच्या सांगाड्यासारखा दिसतो, आणि तो वाचणं हीसुद्धा एक विद्याच आहे. एक सोपी सवय लावून घ्यावी. खोलीत शिरल्यावर लढाई सुरू व्हायच्या आत एक खूण पकडायची: दिव्यांची रांग, खडकातली भेग, ऊर्जाकेंद्राचा उजेड. लढाई संपली की आधी लोळून ती खूण मूळच्या जागी आणायची, मग पुढे जायचं. तिठ्यावर आलो तर ज्या बोगद्यातून आलो त्याच्या तोंडाशी फ्लेअर, म्हणजे उजेडाची गोळी, मारून ठेवायची. ती भिंतीला चिकटते आणि काही वेळ जळत राहते. ‘ओव्हरलोड’मध्ये वाट दाखवणारा होलो-गाइड आहे, ‘डिसेंट २’ मधल्या गाइड-बॉटचा हा वंशज. तो जरूर वापरावा, पण खोली रिकामी झाल्यावर. लढता-लढता त्याच्या मागे लागलं की दोन्ही बाजूंची दारं न बघताच पुढे गेल्यासारखं होतं आणि मग पाठीत गोळी बसते.

दारांचं तंत्र दोन्ही गेममध्ये सारखं आहे. दाराच्या बरोबर समोर उभं राहून ते उघडू नये. लांबून एक गोळी मारली की दार उघडतं. लगेच बाजूला सरकून चौकटीच्या आड व्हावं. आतले जागे झालेले रोबो एकेक करून बाहेर येतात आणि दाराच्या तोंडाशी त्यांना एकमेकांचीच अडचण होते. घाईने आत घुसणारा माणूस खोलीच्या मध्यावर पोचतो आणि सहाही बाजूंनी उघडा पडतो. जुन्या गेममधल्या मीडियम लिफ्टरसारखा पंजांनी फाडणारा रोबो अंगावर आला की मागे उडत गोळ्या माराव्यात. यान मागे जाताना पुढच्याइतक्याच वेगाने जातं. मागचा बोगदा मोकळा आहे ना, एवढं मात्र आधीच पाहून ठेवावं लागतं. ड्रिलरसारखा व्हल्कन या मशीनगनच्या गोळ्या झाडणारा रोबो असेल तर हा उपाय कामाचा नाही, कारण त्या गोळ्या इतक्या वेगवान असतात की चुकवता येत नाहीत. तिथे कोपरा धरायचा, अर्धा क्षण डोकावून क्षेपणास्त्र सोडायचं आणि परत आड व्हायचं. अरुंद जागेत क्षेपणास्त्र जवळच्या भिंतीवर फुटलं तर त्याचा स्फोट आपल्यालाही भाजतो. नवखे कवच गमावतात ते बरेचदा स्वतःच्याच स्फोटांनी.

सरकण्याची एक जुनी करामत सांगायला हवी. ‘डिसेंट’मध्ये प्रत्येक दिशेच्या जोराची मर्यादा स्वतंत्र होती. त्यामुळे पुढे जाताना सोबत बाजूलाही सरकलं तर यान १.४१ पट वेगाने तिरकं जाई, आणि त्यात वर किंवा खाली सरकणं मिळवलं तर १.७३ पट. हे पायथागोरसचंच गणित, दोनाचं आणि तिनाचं वर्गमूळ. किंमत अशी की प्रवासाची दिशा आणि नाक यांत सुमारे ५५ अंशांचा कोन पडतो, म्हणजे जिकडे जातोय तिकडे धड बघताच येत नाही. सरळ बोगद्यात असं उडायला खाण पाठ असावी लागते. नेटवर्कवर एकमेकांशी खेळणाऱ्यांत मुरलेला गडी ओळखू येई तो या चालीवरून.

‘ओव्हरलोड’मध्ये आठ मुख्य शस्त्रं आणि आठ क्षेपणास्त्रं आहेत. त्यांची मांडणी मला या गेमचा सगळ्यात विचारपूर्वक केलेला भाग वाटते. इम्पल्स, सायक्लोन, रिफ्लेक्स, थंडरबोल्ट, लान्सर ही ऊर्जेवर चालतात; क्रशर, ड्रिलर (जुन्या रोबोचंच नाव, पण इथे शस्त्र), फ्लॅक यांना दारूगोळा लागतो. दोन वेगळे साठे असल्यामुळे एक शस्त्र लाडकं करून सबंध खाण काढता येत नाही. ऊर्जा सरत आली की गोळ्यांवर यायचं, ऊर्जाकेंद्र सापडलं की परत. क्रशर जवळच्या माऱ्याचं, दूरवर त्याचे छर्रे पांगतात. रिफ्लेक्सचे मारे भिंतीवर आपटून उसळतात, तेव्हा कोपऱ्याआडच्या रोबोला न दिसता मारता येतं. मोकळ्या गुहेत त्याचा हा गुण वाया जातो. थंडरबोल्ट बटण दाबून भरायचं आणि सोडायचं. तो ‘डिसेंट’मधल्या फ्यूजन या शस्त्राचा वारसदार आहे. फ्यूजन दोन सेकंदांहून जास्त भरून धरलं की यान थरथरायचं आणि आपलंच कवच उतरायचं. थंडरबोल्टलाही ती खोड आहे, म्हणून आधी भरून मग शत्रू शोधायला निघू नये. क्षेपणास्त्रांत फाल्कन सरळ जातं, हंटर पाठलाग करतं. डिव्हास्टेटर सोडल्यावर पुन्हा बटण दाबून हवं तिथे फोडता येतं. मोठ्या खोलीच्या मधोमध फोडलं तर एकाच घावात अर्धी खोली साफ.

खाणीत सापडणाऱ्या गुणांतून शस्त्रं सुधारता येतात आणि पुढच्या पायरीवर दोन वाटा फुटतात. इम्पल्स एक तर चार नळ्यांचं होतं, नाहीतर जलद. चार नळ्या ऊर्जा भराभर खातात, पण रोबो दाराच्या चौकटीत असतानाच संपतो. दारांशी लढणाऱ्याने ती वाट घ्यावी. गुण सगळ्या शस्त्रांवर थोडे-थोडे वाटण्यात अर्थ नाही. एक ऊर्जेवरचं आणि एक गोळ्यांचं, दोनच नीट वाढवावीत.

रिअॅक्टर फोडल्यावरची पळापळ ‘ओव्हरलोड’मध्येही आहे, सगळ्या लेव्हलना नसली तरी. पहिल्या ‘डिसेंट’मध्ये सगळ्यात सोप्या ट्रेनी पातळीवर ५० सेकंद मिळत, पुढच्या प्रत्येक पातळीला ५ कमी, आणि शेवटच्या इन्सेनवर ३०. मूळ कथेत घालमेल होती ती या सेकंदांमुळेच. इथे मरणाऱ्यांची चूक बहुतेकदा आधीच झालेली असते: बाहेरचं दार कुठे आहे ते न बघताच रिअॅक्टरला हात घातलेला असतो. आधी दार शोधावं, तिथून रिअॅक्टरपर्यंत एकदा रिकामं उडून यावं, वळणं तोंडाने म्हणत जावं: डावं, खाली, खाली, उजवं. सायरन वाजायला लागल्यावर नकाशा उघडायला वेळ नसतो.

नव्या गेमची एक उणीव ठळक आहे. जुन्या खाणींची चित्रं भरड होती, पण रंग भडक आणि वेगवेगळे: हिरवट खडक, निळे पत्रे, लाल दगड. एका नजरेत कळायचं की आपण कुठल्या भागात आहोत. ‘ओव्हरलोड’चं करडं पोलाद आणि गडद गुहा सुंदर आहेत, प्रकाश पडतो तोही खराखुरा, पण दहा मिनिटांनी एक गुहा दुसरीसारखी दिसायला लागते. होलो-गाइडची इतकी गरज भासते ती यामुळेही. वास्तवाच्या जवळ जाताना वाट ओळखण्याच्या खुणा पुसल्या गेल्या, आणि ज्या गेमचा सगळा डोलारा दिशांवर उभा आहे त्यात हे खटकतं. संगीतात मात्र कसर नाही. ॲलिस्टर ब्रिम्बल, डॅन वेंट्झ आणि जेरी बर्लोंजिएरी या जुन्या मालिकेच्याच संगीतकारांनी ते केलंय. हेडफोन लावून खेळावं, ते संगीतासाठी आणि त्याहून जास्त रोबोंच्या आवाजासाठी. भिंतीपलीकडे कोण आहे ते कानाला आधी कळतं.

याच कुळातला ‘सबलेव्हल झीरो’ २०१५ चा. तो दर खेपेला खोल्या नव्याने जोडून खाण तयार करतो. हात तयार करायला तो चांगला आहे. पण माणसाने विचार करून लावलेला सापळा त्यात भेटत नाही: इथे बक्षीस ठेवलंय म्हणजे पाठीमागची भिंत उघडणार, हा संशय घ्यायला समोर कोणी डोकं लढवलेलं असावं लागतं.

‘ओव्हरलोड’ हॉटशॉट या काठिण्यपातळीवर पूर्ण झाला की जुन्या ‘डिसेंट’कडे जायला हरकत नाही. गॉग आणि स्टीम या ऑनलाइन दुकानांत तो आजही विकत मिळतो. डॉसमधला मूळ प्रोग्रॅम तसाच चालवण्यापेक्षा डीएक्सएक्स-रीबर्थ घ्यावा. मूळ सोर्स कोड खुला झाल्यावर चाहत्यांनी तो आजच्या संगणकांसाठी बांधला आहे. विकत घेतलेल्या गेमच्या फोल्डरमधून descent नावाच्या, हॉग आणि पिग अशा शेपट्यांच्या दोन फायली रीबर्थच्या डेटा फोल्डरमध्ये टाकायच्या. त्या नसल्या तर तो सुरूच होत नाही. रीबर्थ घेण्याचं आणखी एक कारण आहे. मूळ प्रोग्रॅममध्ये पाठलाग करणारं क्षेपणास्त्र पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्रागणिक आपली दिशा सुधारत असे. ४८६ वर सेकंदाला मोजकीच चित्रं उमटत, तेव्हा कोपऱ्यावर वळून त्याला चकवता येई. वेगवान संगणकावर तेच क्षेपणास्त्र कितीतरी जास्त वेळा वळतं आणि काही केल्या पाठ सोडत नाही. रीबर्थमध्ये हा वेग बांधून दिलेला आहे, त्यामुळे कोपरा पुन्हा उपयोगी पडतो.